बर्फ नाही, तरी थंडी मारते

मंडळी, थंडीत जीव कसा वाचवायचा म्हटलं की डोळ्यांपुढे सियाचिन येतं. आपल्या शिरूर-दौंडकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत. पण अंगातली ऊब निघून जाण्याचे नियम तिथे आणि इथे एकच आहेत. शिवाय आपली थंडीही अगदीच लेचीपेची नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता.

शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी पाणी गोठावं लागत नाही. आठ-दहा अंशांची रात्र, ओले कपडे आणि वारा, एवढं पुरतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. आता आपलं रान आठवा. लाईट रात्रीची, गव्हाला किंवा उसाला पाणी चाललेलं, घोटाभर चिखलात उभं राहून दारं धरायची, आणि भीमेकडून येणारा वारा. तिन्ही गोष्टी एका जागी! म्हणून गमबूट, कोरडे मोजे-कपड्यांचा एक जादा जोड आणि कानटोपी, हे बॅटरीइतकंच गरजेचं. सुती कपडा भिजला की ऊब संपली. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. मेंढरांमागे उघड्यावर झोपणारे आपले धनगर घोंगडी सोडत नाहीत, ते उगीच नाही.

आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकत नाहीत, बटण लागत नाही, फावडं निसटतं. पुढे बोबडी वळते, तोल जातो. आणि हुडहुडी थांबून माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणत बांधावर बसला, की समजा प्रकरण हाताबाहेर चाललंय. त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण डोकंही मंदावलेलं असतं. बिबट्याच्या धास्तीने आपण जोडीने रानात जातो. थंडीसाठीही जोडीदार हवाच.

अशा माणसाला हळुवार उचलून आडोशाला न्या. गचके देऊ नका, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, डोकं-मान झाका. अंगाखाली पाचटाचा जाड थर टाका, कारण जमीनही ऊब खेचते. नीट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, बधिर पाय जाळाजवळ धरू नका. दारू तर नकोच. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फैलावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. ऊसतोडीच्या कोपीत किंवा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणंही घातक, त्या विषारी वायूला वास नसतो.

एक शेवटचं. गार पडलेला माणूस गेलाच, असं आपण ठरवू नये. १९९९मध्ये नॉर्वेत आना बोगेनहोम ही डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली. तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं, हृदय थांबलं, तरी ती वाचली. म्हणून १०८ ला फोन लावा. श्वास मिनिटभर नीट पाहा. नसेलच तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.