घरात बेडूक आलाय? आधी ओळखा, मगच हात लावा!

पहिला जोरदार पाऊस झाला की पिवळ्याधमक बेडकांचे व्हिडिओ फिरायला लागतात. सोबत 'विषारी आहे, मारून टाका' असा मेसेज. पेण-रोहा पट्ट्यात, निडीसारख्या भातखाचरांच्या गावांत तर बेडूक थेट पडवीत आणि बाथरूममध्ये येतात. कुणी त्यांच्यावर मीठ टाकतं, तर मुलं बरणीत पाळायचा हट्ट धरतात. दोन्हीत बेडकाचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी ओळख करून घेऊया.

पिवळा बेडूक विषारी असतो का?

नाही. तो आपला बुलफ्रॉग. एरवी हिरवट-तपकिरी, पाठीवर लांब उभ्या घड्या आणि आकार तळहाताएवढा. विणीच्या काळात फक्त नर पिवळा होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. मादीला खुणावण्यासाठीचा हा रंग थोड्याच दिवसांत उतरतो.

मग अंगावर फोड असलेला कोणता?

तो भेक. कातडी कोरडी आणि खरबरीत, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी. लांब उडी न मारता टुणटुणत जातो. त्याला हात लावल्याने चामखीळ होत नाही. ती विषाणूमुळे होते. मात्र ग्रंथींतला पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कुत्र्याला भेक तोंडात धरू देऊ नका.

भिंतीवर चढणारा?

तो झाडबेडूक. सडपातळ अंग आणि बोटांच्या टोकांना गोल चकत्या. पाण्यावर लोंबणारा फेसाचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं, पुसून टाकू नका.

काळजी कशी घ्यायची?

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. त्यामुळे मीठ, फिनेल, सॅनिटायझर लागलेला हात, सगळंच त्याला घातक. साबण न लावता हात पाण्याने ओले करा, त्याला अलगद उचला आणि जवळच्याच ओल्या, सावलीच्या जागी सोडा. नंतर मात्र हात साबणाने धुवा.

लांब नेऊन सोडू नका. अंदमानात माणसांमुळे पोहोचलेला हाच बुलफ्रॉग आज तिथल्या स्थानिक जीवांना खातोय.

बेडूकमासे बरणीत वाढवले तर?

बुलफ्रॉगचे बेडूकमासे इतर बेडूकमाशांना खातात. पाय फुटल्यावर बाहेर यायला जागा नसेल, तर वाढलेली पिल्लं बुडून मरतात. मुलांना ते खाचराच्या कडेलाच दाखवा.

कायदा काय म्हणतो?

बुलफ्रॉगला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. शेतातले किडे खाणारा हा प्राणी खाचरात राहिला, तर फायदा शेतकऱ्याचाच.

पुढच्या वेळी 'विषारी बेडूक' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी हे वाचायला पाठवा.