जुन्या छऱ्याच्या बंदुकीची काळी झांक : थोडक्या खर्चाचे उपाय

खंडेनवमी जवळ आली म्हणजे माळ्यावरचीं हत्यारें व अवजारें खालीं उतरतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी यांच्या रांगेंत कित्येक घरीं एक जुनी हवेची बंदूकही येऊन बसते. पावसाळ्यानें तिची नळी तांबूस डागांनीं भरलेली असते, हाताची पकड पडते तेथील काळी झांक पार उडालेली असते, आणि घरांतील तरुण मंडळी ती भंगारांत टाकण्याचा सल्ला देतात. आमच्या मतें ही घाई होय. जिची स्प्रिंग शाबूत आहे व जिच्या नळीच्या आंतील आटे झिजलेले नाहींत, अशा बंदुकीचें बाहेरील रूप घरच्या घरीं, थोडक्या सामानांत सुधारतां येतें. खर्च होतो तो मुख्यतः धीराचा.

धीर सोडल्यास काय होतें, हें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतों. आमच्या घरीं वडिलांनीं तरुणपणीं घेतलेली जर्मन बनावटीची एक डायना बंदूक आहे. हा कारखाना राश्टाट येथें १८९० सालीं निघाला, इंग्लंडांतील बी. एस. ए. कंपनीनें १९०५ च्या सुमारास हवेच्या रायफली करण्यास आरंभ केला. या दोन्ही कारखान्यांच्या जुन्या बंदुका आपल्याकडे अजून पाहावयास मिळतात. आमच्या बंदुकीस गंज चढला तेव्हां आम्हीं ती तालुक्याच्या गांवीं एका कारागिराच्या हवालीं केली. त्यानें ती फिरत्या चाकावर धरून अर्ध्या तासांत रुप्यासारखी लखलखीत करून दिली. आम्ही खूष होऊन घरीं आलों. सकाळीं उजेडांत पाहतों तों नळीवरील कारखान्याची खूण व नमुन्याचा आंकडा पुसट झालेला, कडा गोल झालेल्या. पुढच्या मृगांत तर आठ दिवसांच्या आंत ती सबंध नळी पूर्वीपेक्षां अधिक तांबडी झाली. वडील कांहीं बोलले नाहींत. खुणेच्या जागेवरून त्यांनीं एकदां आंगठा फिरविला, इतकेंच. ती खूण आतां कोणत्याही उपायानें परत येणार नाहीं.

गंज दोन प्रकारचा.— लखलखीत केलेली नळी इतक्या लवकर कां गंजली, हें समजलें म्हणजे पुढील सर्व कृति समजते. ओल व हवा यांच्या योगानें लोखंडावर जो तांबडा गंज चढतो तो भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि आंत खात जातो. परंतु लोखंड व प्राणवायु यांचा दुसराही एक संयोग आहे. तो काळा व दाट असून धातूस घट्ट चिकटून राहतो. लोहचुंबकाच्या दगडांत हाच पदार्थ असतो. बंदुकीची निळसर काळी झांक ती हीच. या थराचा आणखी एक गुण असा कीं, तो तेल धरून ठेवतो. आमच्या कारागिरानें गंजाबरोबर हें कवचही खरवडून काढलें व धातु उघडी पाडली. शहाणपणाचा मार्ग याच्या उलट आहे : तांबडा गंज खरवडून फेकण्यापेक्षां त्याचाच काळा थर करून घ्यावा.

पूर्वतयारी.— प्रथम बंदुकींत छर्रा नाहीं व ती ताणलेली नाहीं, हें दोनदां पाहावें. लाकडी दस्ता सोडवून बाजूस ठेवावा. सिलिंडरमधील स्प्रिंग दाबाखालीं बसविलेली असते. ती अवचित सुटल्यास डोळा किंवा हात जाऊं शकतो. म्हणून नळी व सिलिंडर वेगळें करण्याचें काम दाबयंत्र असलेल्या जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावें. जोडाजवळील चामड्याची किंवा रबराची चकतीही काढून ठेवावी.

गंजाच्या जागीं रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं पितळेच्या पट्टीनें व अगदीं बारीक स्टील वूलनें हलक्या हातानें घांसावें. पितळ पोलादाहून मऊ असल्यानें ओरखडे उठत नाहींत. खुणेच्या व आंकड्याच्या जागीं कानस व जाड पॉलिश पेपर मुळींच लावूं नये. गंजानें पडलेले बारीक खड्डे राहूं द्यावे. ते बुजविण्याच्या नादांत चांगली धातु जाते. पुष्कळदां एवढ्या सफाईनेंच खालची जुनी झांक बरीचशी शाबूत निघते. तसें झाल्यास पुढें कांहीं न करतां तेल लावून थांबावें. जुन्या वस्तूची मूळ झांक झिजकी असली तरी नव्या रंगापेक्षां तिचें मोल अधिक.

पहिला उपाय : उकळणें.— हा फक्त सुट्या केलेल्या नळीसाठीं आहे. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानें नळी धुवून तेलाचा अंश काढावा व नंतर तीस उघडा हात लावूं नये. बोटांचा तेलकटपणाही डाग पाडतो. नळीच्या आंत तेलाचा बोळा फिरवून दोन्ही तोंडांस लांकडी खुंट्या घट्ट बसवाव्या. तीन टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड एक पेला, व्हिनेगर दोन मोठे चमचे व मीठ अर्धा चहाचा चमचा, असें मिश्रण ऐन वेळीं करावें. तें बुच लावून बाटलींत भरून ठेवूं नये, वायूच्या दाबानें बाटली फुटते. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा. फडक्यानें पातळ हात दिला कीं थोड्याच वेळांत नळीवर बारीक तांबडा गंज सारखा पसरतो. श्रावणांतल्या ज्या दमट हवेस आपण दोष देतों, तीच येथें कामास येते.

मग काळ्या पत्र्याच्या लांब पन्हळींत नळी पूर्ण बुडेल इतकें पाणी उकळावें. पन्हळ ॲल्युमिनियमची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. पाणी पावसाचें अथवा बॅटरींत घालावयाचें घ्यावें. विहिरीच्या जड पाण्यानें पांढरे डाग पडतात. पंधरा-वीस मिनिटांत तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. वाफेच्या जोरानें खुंटी उडूं शकते, म्हणून पन्हळीच्या टोंकांसमोर कोणीं उभें राहूं नये. नळी बाहेर काढून सुकली म्हणजे वरची काजळी स्टील वूलनें अलगद पुसावी. हीच कृति चार ते सहा वेळां करावी. पहिल्या खेपेस राखाडी, तिसऱ्या खेपेस काळसर व शेवटीं खोल निळसर काळा असा रंग चढत जातो. पहिल्या प्रयत्नांत आम्हीं घाईनें मीठ दुप्पट घातलें. गंज जाड व ठिपक्याठिपक्यांचा आला आणि सारें पुन्हां करावें लागलें. अखेरीस मिठाचा अंश जाण्यासाठीं सोड्याच्या पाण्यांत एकदां उकळून, स्वच्छ पाण्यानें धुवून, गरम असतांनाच बाहेरून व आंतून तेल द्यावें.

दुसरा उपाय : हिरडा.— सिलिंडर उकळूं नये, कारण त्याची आंतील भिंत गंजल्यास दट्ट्याची हवा निसटूं लागते. त्यास हिरड्याचा काढा बरा. हिरड्यांतील तुरट द्रव्य व लोखंड यांच्या संयोगानें निळाकाळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांची शाई आपले पूर्वज याच तत्त्वावर करीत. पन्नास ग्रॅम हिरडे कुटून अर्धा लिटर पाण्यांत, मातीच्या किंवा इनॅमलच्या भांड्यांत, निम्मे होईतों आटवावे व गाळून घ्यावे. सिलिंडरचीं तोंडें बंद करून, बाहेरून सफाई केलेल्या व अंगावर बारीक गंज राहिलेल्या जागीं हा कोमट काढा फडक्यानें लावावा. सुकल्यावर पुन्हां लावावा. दोन-तीन हात पुरेत. हा थर उकळलेल्या थराइतका टिकाऊ नसतो, पण खर्च जवळजवळ नाहीं आणि विषाची भीति नाहीं.

इतर उपाय.— लहानसहान ओरखड्यांसाठीं तयार औषधाची बाटली मिळते. तिच्यांत सेलेनियमचे विषारी क्षार असतात, म्हणून मोजे घालून व मोकळ्या हवेंतच ती वापरावी, आणि स्वयंपाकघराजवळ ठेवूं नये. गंजानें फारच खाल्लेल्या बंदुकीस प्रायमर व काळा इनॅमल रंग देणें हाही प्रामाणिक उपाय आहे. मात्र रंग जोडांत व चापांत उतरूं देऊं नये. ओतीव हलक्या धातूच्या भागांवर वरीलपैकीं पहिले दोन उपाय चालत नाहींत. त्यांस रंगच द्यावा.

दोन गोष्टी मात्र सर्वस्वीं टाळाव्या. कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या उकळत्या द्रावणांत बुडविण्याची कारखान्यांतील रीत घरीं करूं नये. तें द्रावण उकळत्या पाण्याहून बरेंच अधिक तापलेलें असतें व अंगावर उडाल्यास मांस जाळतें. तसेंच तव्यास देतात तसें तेल लावून विस्तवावर काळें करणें स्प्रिंग, सिलिंडर व चापाचे दांते यांस घातक आहे. पोलाद तीनशें अंशांच्या सुमारास निळें पडतें, आणि अशा उष्णतेनें त्याचें पाणी उतरतें.

पुढील जपणूक.— जवसाचें तेल किंवा मेण यांचा पातळ हात बाहेरून महिन्यांतून एकदां पुरतो. तेल हवेच्या कोठींत जाऊं देऊं नये. दाबलेली हवा तापून तें पेट घेतें व स्प्रिंग आणि दट्ट्याचें चामडें बिघडतें. कापडी किंवा चामड्याच्या खोळींत पावसाळाभर बंदूक ठेवूं नये, खोळ ओल शोषते. आणि आम्हां शेतकऱ्यांचा नेहमींचा दोष म्हणजे खतांच्या पोत्यांशेजारीं ती उभी करणें. युरिया हवेंतील ओल ओढतो, आणि म्युरिएट ऑफ पोटॅश हा तर क्षारच. त्याची धूळ बसली कीं सारी मेहनत एका पावसांत फुकट जाते.

बंदूक नीट झाली म्हणून पाखरांवर रोखूं नये. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला आहे; ज्वारीच्या राखणीस डबा वाजविणें पुरे. परवान्याविषयीं शंका असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यांत विचारावें. बंदुकीची ताकद व नळीचा व्यास यांवर तें ठरतें. निशाणबाजीसाठीं मात्र ती घरांतील मुलांस वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं अवश्य द्यावी. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकांत रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें, हें आपण सर्वांनीं पाहिलेंच आहे.

आमची डायना आतां पुन्हां काळी झाली आहे. पुसलेली खूण आली नाहीं. पण गेल्या खंडेनवमीस वडिलांनीं स्वतः तिला हळदकुंकू वाहिलें. ज्यांच्या बंदुकीवरील खूण अजून शाबूत आहे, त्यांनीं ती चाकावर देण्यापूर्वीं एकदां हिरडे कुटून पाहावे.