लेकीच्या डब्याची झडती

उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसताना आपल्या मंडळींना सामानाची चिंता कधी पडली नाही. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, खोबऱ्याची पिशवी बाकाखाली सारली की प्रवास सुरू! फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरतेहून शारजाला विमान जाऊ लागले, डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेचा विमानतळ आंतरराष्ट्रीय ठरला, आणि घड्याळाच्या हिशेबाने शारजा नंदुरबारइतकेच जवळ आले, असे आम्हांस वाटू लागले.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता आखातात निघालो, तेव्हा हा भ्रम फिटला. उड्डाण तीन तासांचे आणि विमानतळावर हजेरीही तीन तास आधी! कंपनी व विमानतळ यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही; अनुभव सर्वत्र सारखाच. पारपत्राची रांग, सामानाची रांग, झडतीची रांग. एवढ्यात आमच्या नावाचा पुकारा झाला. पेटी उघडली गेली आणि खोबऱ्याच्या वाट्या बाहेर आल्या. "हे नेता येणार नाही." कारण विचारले, तर "नियम आहे" एवढेच उत्तर. "वर्षभर डब्यात ठेवते, कधी पेटले नाही हो," सौभाग्यवती काकुळतीने म्हणाली.

पाठीमागच्या एका अनुभवी प्रवाशाने मग हळूच विचारले, "लाडवांत खसखस तर नाही ना?" डिंकाचे लाडू, त्यांत खसखस नसेल कशी! अमिरातीत खसखस अमली पदार्थांत गणली जाते, हे ऐकून आमच्या पायांखालची जमीन सरकली. चार दिवस खपून वळलेले लाडू निरोप द्यायला आलेल्या भाच्याच्या हाती परत गेले. तिने डोळे पुसले, मी संतापलो.

पुढे शांतपणे विचार केला, तेव्हा रागाचे रूप पालटले. वाळलेल्या खोबऱ्यात तेल असते. कोंडलेल्या जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात ते धोकादायक मानतात. द्रवाच्या बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा आली, ती ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यामुळे. आणि लहान पल्ल्याच्या विमानाला एवढी झडती कशाला, असे म्हणणाऱ्याने २४ डिसेंबर १९९९ आठवावा. काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान अपहरणकर्त्यांनी कंदाहारला नेले. प्रवाशांची सुटका ३१ डिसेंबरला झाली आणि एका तरुण प्रवाशाला प्राण गमवावे लागले. तो प्रवासही दोन तासांच्या आतलाच होता!

झडती हवीच. गाऱ्हाणे आहे ते मौनाचे. कोणता जिन्नस का चालत नाही, हे तिकिटासोबतच मराठी-गुजरातीत छापून दिले, तर कोणा आईला ऐन रांगेत डबा रिकामा करावा लागणार नाही. तोवर वाचकांनी तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारावे, आणि ज्या देशी जायचे तेथील कायदाही पाहून घ्यावा.

लेकीला लाडू मिळालेच. खारीक तेथील, किसलेले खोबरे तेथल्याच दुकानातले, डिंक आमच्या पेटीतला. खसखस तेवढी नव्हती. पहिला लाडू खाऊन लेक म्हणाली, "आई, चव तीच आहे गं." ती खोटे बोलत होती, हे आम्हां दोघांनाही कळले, पण त्या दिवसापासून सौभाग्यवतीने विमानाला दोष देणे सोडले.