भरतीच्या पातळीखालचा पत्ता

उलवे, कामोठे, कळंबोली, द्रोणागिरी. मुंबईत नोकरी लागलेलं किंवा मुंबईतली खोली विकून थोडं ऐसपैस घर शोधणारं कुटुंब हल्ली या नावांपाशी येऊन थांबतं. प्रश्न ठरलेले असतात. स्टेशन किती लांब? पाणी किती वेळ? ताबा कधी? अटल सेतूवरून शिवडीला किती मिनिटं लागतात, हाही आता त्यात आला. पण भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आपल्या पार्किंगच्या वर असतं की खाली, हे मात्र मी अजून कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

पनवेल-उरणच्या बऱ्याच सखल भागांत उत्तर आहे: उधाणाला वर असतं. कळंबोलीचं नाव तर दर पावसाळ्यात याच कारणाने वर्तमानपत्रांत येतं. तरीही वर्षातले बहुतेक दिवस तिथे पोरं कोरड्या पायांनी शाळेत जातात, भाजीवाले रस्त्यावर बसतात आणि कुणाला खाडीची आठवणही होत नाही. ही व्यवस्था कशी चालते ते कळलं, तेव्हापासून मी या शहराकडे जरा वेगळ्या आदराने बघतो.

सुरुवात समुद्रापासून करू. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, हे शाळेतच शिकलेलं असतं. पण या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याचा चढउतार चार मीटरच्या घरात जातो, कधी त्याहूनही जास्त. एका मजल्याहून उंच पाणी सहा तासांत येतं आणि पुढच्या सहा तासांत निघून जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा समुद्र बराच मवाळ. आणि हे सगळं इतकं नेमाने होतं, की कोळी बांधवांना त्यासाठी छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज पाऊण तासाहून जरा जास्तच उशिरा येते. पाऊणपटीच्या हिशेबात त्यामुळे पौर्णिमेपर्यंत पाऊणेक तासाची तूट पडते, पण होडी हाकायला तेवढं चालतं.

या हिशेबातून एक गंमत निघते. मुंबई-रायगडच्या या पट्ट्यात सगळ्यात मोठ्या भरत्या नेहमी दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येतात. उधाण सकाळी सहाला आलं, असं इथे होतच नाही. म्हणजे शहराच्या परीक्षेची वेळसुद्धा ठरलेली. बाकी पाऊस त्याच वेळी येतो की नाही, एवढाच प्रश्न. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि दुपारी चारच्या सुमारास, नेमक्या त्या कोसळधारेत, भरती होती. मुंबईची गटारं समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि समुद्रच आत यायला बघत होता.

आता सखल जमिनीवर शहर वसवणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहा. सगळी जमीन भरतीच्या वर उचलायची म्हटली, तर डोंगरच्या डोंगर फोडून आणावे लागतील. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या अभियंत्यांनी बऱ्याच ठिकाणी डच लोकांच्या धर्तीवर मधला मार्ग काढला. जमिनीवर बेताचा भराव घालायचा, खाडीच्या बाजूने बांध घालायचा आणि बांधाच्या आत मोठे तलाव ठेवायचे. यांना धारण तलाव म्हणतात. बोलताना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. वसाहतीतलं पावसाचं पाणी गटारांतून या तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी खाडीकडे उघडणारी झडप असते, वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली. भरती आली, की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबतं आणि ती घट्ट मिटते. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. ना मोटर, ना वीज, ना चालवायला माणूस.

तलाव केवढा हवा, याचं गणित कुणालाही करता येईल. झडप काही तास मिटलेली राहणार. तेवढ्या वेळात एक चौरस किलोमीटर वसाहतीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तो होतो एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर. हे पाणी दहा हेक्टरच्या तलावात घेतलं, तर त्याची पातळी मीटरभर वाढेल. तेवढी जागा रिकामी ठेवलेली असली, की झालं. बिल्डरला ती जागा 'वाया गेलेली' दिसते. मला ती अख्ख्या वसाहतीतली सगळ्यात कष्टाळू जागा वाटते.

डच धर्तीत इथे एक फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा. नेदरलँड्सची कितीतरी जमीन कायमच समुद्रपातळीच्या खाली. तिथलं पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं. एके काळी ते काम पवनचक्क्या करायच्या, आता पंप करतात. आपल्याकडे ओहोटीला खाडी चार मीटर खाली जाते. उपशाचं बहुतेक काम चंद्रच फुकटात करून देतो.

मात्र ही युक्ती पाहायला हॉलंडला जायची गरज नव्हती. पनवेल, पेण, उरण, अलिबागच्या खारेपाटात शेतकरी हेच पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. खाडीकाठच्या चिखलाला बांध घालायचा आणि बांधात लाकडी झडपेची उघाडी बसवायची. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की शेतात साचलेलं गोडं पाणी जमिनीतला खार विरघळवतं. ओहोटीला उघाडीतून ते सोडून द्यायचं, पुन्हा पाणी साचू द्यायचं, पुन्हा सोडायचं. दोन-चार वेळा असं धुतलं, की वरचा थर भात लावण्याइतका गोडा होतो. राता नावाचा लाल तांदूळ या खाऱ्या जमिनीत तग धरायचा. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्यांची नावंच पनवेल-१, पनवेल-२ अशी. आज पनवेल म्हटलं, की एक्स्प्रेस वे आणि टोलेजंग इमारती डोळ्यांपुढे येतात. त्या नावाचं भात आहे, हे सांगितलं तर नवीन रहिवाशाला थट्टा वाटेल.

उघाडीतून पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लंही आत यायची. घराजवळच्या तळ्यात ती वाढवायची आणि पाहुणा आला, की जाळं टाकायचं, ही इथली रीत. हा मासा तारुण्यात नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बांध एकट्याने राखता येत नाही. एका जागी खांड पडली, की सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. मग पुढची काही वर्षं पीक नाही. म्हणून ही जमीन म्हणजे शेकडो माणसांच्या हातांनी केलेली वस्तू होती, आणि तिच्यावर हक्क कुणाचा यावरून इथे मोठी भांडणं झाली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ मध्ये खोतांच्या विरोधात कुळांनी नांगर खाली ठेवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

शहर आलं ते याच जमिनीवर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात एक कल्पना मांडली: मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडी ओलांडून पूर्वेकडे वळवा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन, एकूण ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. मोबदला मात्र असा, की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आज उलव्यात किंवा द्रोणागिरीत आपण ज्या इमारतीत घर घेतो, ती अनेकदा अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी असते. विक्रीच्या कागदात तो शब्द येतो. त्यामागचे दोन दिवस येत नाहीत.

आता पायाखालच्या चिखलाकडे. इथली खाडीची माती कित्येक मीटर खोल, मऊ आणि पाण्याने गच्च भरलेली. तिच्यावर भराव टाकला, की ती लगेच दबत नाही. आधी तिच्यातलं पाणी निघायला हवं, आणि इतक्या बारीक मातीतून ते मुंगीच्या पावलाने निघतं. दह्याचं फडकं टांगून, वर वजन ठेवून चक्का करतात, तसाच हा प्रकार. फक्त फडकं अनेक मीटर जाड आणि मुदत दशकांची. कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. त्यातली अद्भुत गोष्ट अशी, की पाण्याला बाहेर पडायचं अंतर निम्मं केलं, तर वेळ निम्मा नव्हे, पावपट लागतो. म्हणून चिखलात थोड्या थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या चपट्या निचरापट्ट्या उभ्या रोवतात आणि वर भरावाचं ओझं ठेवतात. पाणी अनेक मीटर वर जाण्याऐवजी हातभर बाजूला सरकून पट्टीतून निघतं. दशकांचं काम महिन्यांवर येतं.

इमारतींची रीत निराळी. त्या चिखलावर टेकत नाहीत. खांबांचे पाय चिखल ओलांडून खालच्या मुरमापर्यंत, कातळापर्यंत जातात. त्यामुळे काही वर्षांनी मजेशीर दृश्य दिसतं. इमारत जागच्या जागी आणि आजूबाजूची जमीन दबून बोट-दोन बोटं खाली. सोसायटीच्या जिन्याला तळाशी एक नवीच पायरी फुटते आणि सर्वसाधारण सभेत बिल्डरच्या नावाने बोटं मोडली जातात. पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. चिखल अजून दबतोय, एवढंच.

या सगळ्या व्यवस्थेला सध्या छळतोय तो गाळ. झडपा गंजल्या किंवा कचऱ्याने अडकल्या, की भरतीचं पाणी आत येतं आणि गाळ ठेवून जातं. त्याच पाण्यातून तिवराच्या बियाही येतात. तिवराचं बी झाडावर असतानाच रुजायला लागलेलं असतं. चिखल मिळाला, की लगेच मूळ धरतं. बघता बघता धारण तलावाचं कांदळवन होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. त्यामुळे गाळ काढायचा, तर आधी न्यायालयाची परवानगी. शहराला पुरापासून वाचवणारा तलाव आणि किनाऱ्याला लाटांपासून वाचवणारं जंगल एकाच जागेवर हक्क सांगतात. यात कुणाची बाजू घ्यावी, मला ठरवता येत नाही. दोघांचीही गरज आहे आणि जागा एकच आहे.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळाने तर उंचीचा सगळा क्रमच बदलला. ११६० हेक्टर जागा, मध्ये नव्वदेक मीटरची उलवे टेकडी, शेजारी उलवे नदी. टेकडी सुरुंगांनी फोडली, तिचाच दगड सखल भागात भरला, नदीला नवं पात्र काढून दिलं. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, वाघिवली अशी दहा गावं उठली आणि वहाळ-वडघरच्या बाजूला वसली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. दूरवरून या महानगरात राहायला येणाऱ्यांचं आपण कौतुक करतो. इथे माणसं चार-पाच किलोमीटर सरकली आणि त्यांचंही गाव सुटलं.

जुनी गावठाणं इथे बहुधा उंचवट्यावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी असत. खाली शेत, त्याखाली बांध, त्यापलीकडे खाडी. पाणी कुठपर्यंत येतं, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती जागा निवडलेली होती. नवे सेक्टर आले ते शेतांत आणि मिठागरांत, भरावावर. पारगावजवळच्या डुंगी गावाभोवती विमानतळाचा भराव उभा राहिला आणि कालपर्यंत पाण्याच्या वर असलेलं गाव एकाएकी खोलगट भागात आलं. पावसाचं पाणी घरांत शिरू लागलं. गाव तसूभरही हललं नव्हतं, आणि तरी तिथल्या लोकांना 'आम्हालाही दुसरीकडे जागा द्या' अशी मागणी करावी लागली.