डिलाईल रोडवरचं मशीन

सकाळी ९.१०
काकांचा फोन. "अरे, मशीन पुन्हा बंद पडलं. अहवाल उद्या सकाळी छापखान्यात द्यायचाय. लवकर ये."
"बंद पडतं म्हणजे निळा स्क्रीन येतो, की लाइट गेल्यासारखं टपकन बंद होतं?"
"टपकन. पीडीएफ करायला घेतली की."
"आणि स्लो कधीपासून?"
"ते दिवाळीपासूनच."
माझं निम्मं काम या प्रश्नांवर होतं. निळा स्क्रीन आला तर विंडोज जाता जाता काहीतरी सांगून जातं. टपकन बंद होणारं मशीन काहीच सांगत नाही. तिथे उष्णता किंवा वीज तपासायची. स्लो होणं हे बहुतेक वेळा तिसरंच दुखणं. सगळ्याला एकच कारण असेल असं धरून चाललं की दिवस जातो.

९.५०
लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी गिरण्यांच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरांकडे वळते. मी डिलाईल रोडवरच्या चाळीत शिरतो. काकांचं मशीन २०१४ सालचं, लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून घरी जुळवलेलं: चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. काका पूर्वी गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. आता याच मशीनवर लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं आणि गणपती जवळ आले की मंडळांचे वार्षिक अहवाल करतात. घर त्यावर चालतं.
कॅबिनेट कॉटखाली, पाठ भिंतीला टेकलेली. बाहेर ओढताना पत्र्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. टेस्टर लावला, पेटला. सॉकेट तीन पिनचं होतं, पण मागे अर्थिंगची वायरच नव्हती. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, त्यातल्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर २३० च्या निम्मा व्होल्टेज दिसतो. मशीन बंद पडायचं कारण हे नव्हे. पण मोरीतून ओल्या पायांनी येणाऱ्या माणसासाठी ते वाईटच. फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंग होतं. तिथून एक्स्टेन्शन ओढलं आणि मगच कामाला लागलो.

१०.३०
आधी डेटा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने हार्ड डिस्क पिवळ्या रंगात दाखवली: ५६ सेक्टर वाचता न येणारे. स्लो होण्याचं मुख्य कारण हेच. डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि आपण पडद्याकडे बघत बसतो. अशा डिस्कवर लोक दुरुस्तीसाठी लगेच विंडोजचं चेकडिस्क चालवतात. कृपा करून चालवू नका. दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखं आहे ते. जे वाचतंय ते आधी बाहेर काढायचं.
कॉपी करतानाही क्रम असतो. पहिला अहवालाचा फोल्डर, दुसरा श्रीलिपीच्या फॉन्टचा. काकांचं सगळं काम पेजमेकरमध्ये, जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. ते फॉन्ट गेले तर मंडळाच्या अध्यक्षांचं मनोगत म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. मग पत्रिका, मग नातवाचे फोटो. दोन फाइली अडकल्या, त्या सोडून दिल्या. बाकी सगळं बाहेर आलं.

१२.१५
झाकण काढलं. शेजारी पाडकाम चालू आहे. आत सिमेंटची धूळ आणि त्यावर पावसाळी दमटपणा, म्हणजे जवळजवळ प्लास्टरच. ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसरवरचा हीटसिंक चार पिनांवर बसतो, त्यातली एक सुटलेली होती. खालची थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी, नख लावलं की पापुद्रा निघावा अशी. ती पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि चारही पिना टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. सकाळी लोड दिल्यावर तापमान ९८ अंशांवर गेलं होतं. आता ६४.
काका म्हणाले, "झालं?" म्हटलं, "पीडीएफ करून बघा." १७ व्या पानावर मशीन टपकन बंद.

१.३०
काकूंनी वरणभात वाढला. कोणी फारसं बोललं नाही.

२.१५
आता एका वेळी एकच गोष्ट. इथेच लोक चुकतात: रॅम, एसएमपीएस, हार्ड डिस्क एकदम बदलतात, मशीन चालतं आणि बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही. दोन्ही रॅम काढल्या, सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, एकेक लावून मेमटेस्ट चालवली. दोन्ही स्वच्छ.
मग मल्टिमीटर. पिवळ्या आणि काळ्या वायरीत बारा व्होल्ट यायला हवेत. पाच टक्के खालीवर चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत. स्वस्थ असताना ११.८ होता. पीडीएफ चालू केली: ११.५, ११.३, ११.१, आणि बंद.
घरी जुळवलेल्या मशीनमध्ये सगळा पैसा प्रोसेसरवर जातो आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच राहतो. तो इतकी वर्षं टिकला हेच खूप.

४.००
लोअर परळहून तिसरं स्टेशन ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. जुना एसएमपीएस पिशवीत घेतला होता. काउंटरवर नवा एका हातात आणि जुना दुसऱ्या हातात घेऊन बघितला. वजनातला फरक काकांना दाखवायचा होता. त्यांनी पैसे दिले होते. ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा, आणि ५०० जीबीची एसएसडी. रॅम घेतली नाही. मदरबोर्ड घेतला नाही.

५.४०
एसएसडीवर विंडोज १० नव्याने टाकलं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही. पण काकांचं पेजमेकर आणि श्रीलिपी विंडोजवरचं आहे. म्हणून मशीनचं नेट काढून टाकलं. मेल काका फोनवर बघतील, फाइल पेन ड्राइव्हने नेतील. बहुतेक घरांत हे पटणार नाही, काकांना लगेच पटलं. खिळे जुळवताना कुठे नेट होतं, म्हणाले.

८.००
मशीन वीस सेकंदांत सुरू झालं. तासभर लोड दिला: तापमान ६५ च्या पुढे गेलं नाही, व्होल्टेज ११.९ वर स्थिर. मग काकांनी स्वतः बसून पीडीएफ केली. १७ वं पान आलं तसा त्यांनी माऊसवरून हात काढून घेतला. पान गेलं. ७२ पानं पूर्ण झाली.
जुनी हार्ड डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवली. वायरमन उद्या दहाला येतोय. तुमच्याही कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवा. कॉम्प्युटरवाला नंतर आला तरी चालेल.