करवत मासा आणि सोनेरी शैवाल

सांगलीच्या एका हौशी निरीक्षकाने तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तो हरखला. डायनोब्रायॉन! फुलदाणीसारख्या पारदर्शक कवचांत बसलेल्या सोनेरी पेशींची साखळी. हे शैवाल उन्हावर अन्न बनवतं, शिवाय जिवाणूही गिळतं.

पाण्यातल्या जीवांत आकाराने करवत मासा अगदी दुसऱ्या टोकाचा. दिसतो शार्कसारखा, पण कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला, कारण तो पाकटांचा नातलग. त्याच्या करवतीला भक्ष्याचे विद्युतसंकेत कळतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही शिकार जमते. दुर्दैवाने हीच दातेरी करवत जाळ्यात अडकते.

प्रतिकूल काळात शैवाल सिलिकाच्या कोषात तग धरतं. करवत माशाला अशी सोय नाही. पिल्लं मोजकी, वाढ संथ. भारतात २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

या दोन टोकांना जोडते ती नदी. महाबळेश्वरची कृष्णा वाई, सांगली करत बंगालच्या उपसागराला मिळते. अशी नदीमुखं म्हणजे करवत माशाच्या पिल्लांची वाढायची जागा.