तिजोरी न फोडता होणारी चोरी

कापूस विकून आलेला पैसा घरातील पेटीत ठेवण्याची चाल वऱ्हाडात पूर्वी होती. पुढे सहकारी बँका निघाल्या व तो पैसा तिजोरीत सुरक्षित राहू लागला. बँक लुटावयाची तर दरोडेखोरास कुलूप फोडावे लागे, पहारेकऱ्याशी झुंजावे लागे व नोटांची थैली घेऊन पळावे लागे. त्यात गलका होई व मागही राही. आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे तूर-सोयाबीनचे पैसे, पीककर्ज व पीएम-किसानचा हप्ता हे सर्व संगणकातील नोंदीच्या रूपाने खात्यात जमा होते. साहजिकच चोरही आता तिजोरीकडे न जाता त्या नोंदीकडे वळला आहे.

पुण्यातील दरोडा

पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक होय. दिनांक ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेवर दरोडा पडला. परंतु एकही कुलूप तुटले नाही. एटीएममध्ये कार्ड घातले म्हणजे यंत्र बँकेच्या संगणकास 'पैसे द्यावे काय?' असे विचारते. हा निरोप नेणाऱ्या यंत्रणेत चोरांनी घातक प्रणाली शिरकवून मध्येच आपला तोतया बसविला. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेना व तोतया 'द्यावे' असे उत्तर देई. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांत सुमारे ७८ कोटी व भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविले गेले. अशा रीतीने एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. या प्रकरणी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरविले ते २०२३ साली.

अशीच घटना फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत घडली. तेथेही चोरांनी सुट्टीचे दिवस साधले व ८ कोटी १० लक्ष डॉलर फिलिपाइन्समध्ये नेले. श्रीलंकेकडे पाठविलेले आणखी २ कोटी डॉलर मात्र वाचले. कारण पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावातील एक शब्द चुकीचा लिहिलेला बँक कर्मचाऱ्यांच्या नजरेस आला व त्यांनी विचारणा केली. एवढ्याशा दक्षतेने मोठी हानी टळली.

शेतकऱ्याची जबाबदारी कोठे सुरू होते

पुण्याच्या दरोड्यात खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही. नुकसान बँकेचे झाले. परंतु खातेदाराने स्वतःच चोरास किल्ली दिल्यास गोष्ट निराळी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत, चूक बँकेची किंवा खातेदाराची नसेल व तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने बँकेस कळविले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही असे तत्त्व आहे. मात्र गुप्त क्रमांक खातेदारानेच दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंत होणारी हानी त्यालाच सोसावी लागते. म्हणजे पूर्वी जो पहारा बँकेच्या दाराशी होता, तो आता प्रत्येकाच्या मोबाइलवर बसवावा लागतो.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. पीएम-किसानच्या किंवा अनुदानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' फाइल उघडू नये. तिच्यावाटे मोबाइलचा ताबा व त्यावर येणारे ओटीपी चोराच्या हाती जातात.

२. पैसे जमा होण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही. तो मागणारा इसम चोर समजावा.

३. अंगठा लावून पैसे काढताना यंत्रावरील रक्कम पाहावी व पावती घ्यावी. वाचता येत नसल्यास घरातील शिकलेल्या मुलास बरोबर न्यावे.

४. मोबाइल क्रमांक बदलल्यास बँकेस त्वरित कळवावे आणि पासबुकात वरचेवर नोंदी करून घ्याव्यात.

रक्कम गेल्याचे दिसताच लाजेपोटी गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस खाते रोखण्यास सांगावे, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी व पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविली जाते. ती बाहेर काढली जाण्यापूर्वी खबर पोहोचली, तरच वाटेत अडविता येते.

कृषी सहायक, गटसचिव व ग्रामपंचायतीचे कार्यकर्ते यांनी पीककर्ज वाटपाच्या व हप्ते जमा होण्याच्या दिवसांत ही माहिती ग्रामसभेत सांगावी आणि १९३० हा क्रमांक सोसायटीच्या फलकावर ठळक लिहावा. पेरणीसाठी राखलेली रक्कम गेली, तर बियाणे व खत सावकाराच्या पैशाने घ्यावे लागते. पूर्वी गावात चोर शिरला तर आरोळी ऐकून सारा गाव जागा होई. आजचा चोर आवाज करीत नाही. म्हणून आरोळी आपणच वेळेवर ठोकली पाहिजे.